आगोटीची रोजकीर्द

पावसाळ्याच्या तोंडावरील दिवसांना कोकणात आगोट म्हणतात. अक्षय्य तृतीया उलटली की रत्नागिरीच्या घराघरांत आगोटीची कामे सुरू होतात. कौले परतली जातात, लाकूडफाटा पडवीत रचला जातो, आमसुले आणि आंबापोळी उन्हात पडतात, दुकानातील माल ओल लागू नये म्हणून फळ्यांवर उचलला जातो आणि घरावर झुकलेल्या फांद्या उतरवल्या जातात. राम आळीपासून मारुती मंदिरापर्यंत प्रत्येक व्यापारी कुटुंब या दिवसांत दुहेरी घाईत असते. एकीकडे आंब्याचा हंगाम आणि सुट्टीचे पाहुणे, तर दुसरीकडे मृग नक्षत्राची चाहूल.

नेमक्या याच दिवसांत, याच फांद्यांवर आणि याच कौलांखाली, पाखरांचीही आगोट चालू असते. पावसाबरोबर किडे-अळ्यांची रेलचेल होते. तत्पूर्वी घरटे बांधून, अंडी उबवून पिल्ले वाढीस लावण्याचा बहुतेक पक्ष्यांचा प्रयत्न असतो. माणसाचे वेळापत्रक आणि पाखरांचे वेळापत्रक असे एकाच महिन्यावर येऊन आदळते. यात माणसाचा दुष्ट हेतू क्वचितच असतो. फांदी तोडणाऱ्यास त्या फांदीत घरटे आहे हे ठाऊक नसते, एवढेच. मात्र ठाऊक नसल्याने होणारी हानी कमी भरत नाही.

व्यापारी घरांना रोजकीर्दीचे महत्त्व सांगावे लागत नाही. दिवसाची नोंद त्याच दिवशी झाली नाही तर महिन्याचा हिशेब चुकतो, हे पेढीवर बसणाऱ्या मुलास पहिल्याच वर्षी कळते. पक्षिनिरीक्षण या शब्दाने पुष्कळांच्या डोळ्यांसमोर दुर्बीण, महागडा कॅमेरा आणि दूरचे अरण्य उभे राहते. वास्तविक त्याचे मूळ रूप अगदी साधे आहे. कोणता पक्षी, कोठे, किती आणि काय करताना दिसला, याची रोजच्या रोज नोंद म्हणजे पक्षिनिरीक्षण. वैशाखात रत्नागिरीत राहणाऱ्या कोणत्याही कुटुंबास ती घराच्या ओटीवरून सुरू करता येते.

अंगणातील खाती

पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वीच, पहिली जमा दयाळाच्या नावावर पडते. काळ्या-पांढऱ्या रंगाचा, शेपटी उभारून बसणारा हा पक्षी हिवाळ्यात जवळजवळ मुका असतो. चैत्र-वैशाखात मात्र एखाद्या तारेच्या वा छपराच्या टोकावर बसून तो दीर्घकाळ गातो. झाडाची ढोली किंवा जुन्या चिरेबंदी भिंतीतील भोक ही त्याच्या घरट्याची जागा. आगोटीत भिंतीची भोके सिमेंटने बुजवणाऱ्या गवंड्यास हे सांगणारे घरात कोणीतरी असावे लागते.

ऊन चढू लागले की तांबटाचा ठोका सुरू होतो. तांब्याची भांडी घडवणाऱ्याच्या हातोडीसारखा टुक्-टुक् असा एकसुरी आवाज भर दुपारीही थांबत नाही. हिरव्या अंगाचा, कपाळी आणि छातीवर लाल ठिपका मिरवणारा हा चिमणीएवढा पक्षी पानांत सहसा दिसत नाही, केवळ ऐकू येतो. तो वाळलेल्या फांदीत गोल भोक कोरून घर करतो आणि हे भोक बहुधा फांदीच्या खालच्या अंगास असते. वाळलेली फांदी माणसाच्या दृष्टीने निरुपयोगी, म्हणून आगोटीत कुऱ्हाड प्रथम तिच्यावरच पडते. तांबटाच्या खतावणीत मात्र तीच सर्वांत मोठी मत्ता होय. त्याचा भाऊबंद, पांढऱ्या गालाचा तांबट, रत्नागिरीच्या बागांतून ‘कुटरुक कुटरुक’ अशी हाक देत असतो. त्याचीही गरज हीच आहे.

कोकिळेच्या खात्यात एक जुनी चूक दुरुस्त करून घ्यावी. ‘कुहू’ असा पुकारा करणारा काळाभोर पक्षी हा नर होय. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची असून तिचा आवाज ‘किक्-किक्’ असा कर्कश असतो. तिचे अंडे कावळ्याच्या घरट्यात जाते. म्हणून वैशाखात कोकीळ आणि कावळा ही दोन खाती शेजारी-शेजारी लिहावीत. कावळा काटक्या वा तारेचे तुकडे नेताना दिसू लागला की कोकीळही जवळच कोठेतरी दिसतो. पावशाचा व्यवहारही असाच आहे. शेतकऱ्यास ‘पेरते व्हा’ असे बजावणारा हा पक्षी आपले अंडे सातभाईंच्या घरट्यात ठेवतो. दुसऱ्याच्या भांडवलावर संसार करणाऱ्या या दोघांना दोष देण्याचे कारण नाही. कावळा व सातभाई टिकले तरच हे टिकतात, एवढे ध्यानी घ्यावे.

घराच्या सर्वांत निकट येणारा पाहुणा म्हणजे शिंजीर. अंगठ्याएवढा हा पक्षी जास्वंदीच्या फुलात बाकदार चोच घालून मध टिपतो. त्याची मादी कोळ्याचे जाळे, तंतू, सालपटे आणि वाळक्या पानांचे तुकडे जोडून एक लोंबती पिशवी विणते. तिला बाजूने दार असते आणि दारावर छोटीशी पडवीही. ओटीवरील विजेची जुनी वायर, कपड्यांची दोरी किंवा दारातील कढीपत्त्याची फांदी तिला पसंत पडते. वरवर पाहता हे जळमट वाटते आणि पाहुणे येणार म्हणून केलेल्या साफसफाईत केरसुणीने उतरवले जाते. अंडी घातल्यापासून पिल्ले उडून जाईपर्यंत जेमतेम महिनाभर लागतो. तेवढ्या अवधीसाठी एक दोरी मोकळी ठेवणे कोणत्याही घरास जड नाही.

चिमणीचे खाते व्यापारी कुटुंबांच्या अधिक जिव्हाळ्याचे आहे. धान्याच्या दुकानातील उघडी पोती, कौलांच्या वळचणी आणि चिऱ्याच्या भिंतींतील फटी यांमुळे जुन्या बाजारपेठा चिमण्यांनी गजबजलेल्या असत. पोती जाऊन बंद पिशव्या आल्या, कौले जाऊन स्लॅब आला आणि बाजारातील चिमणीची जागा आकसली. देशव्यापी नोंदी असे सांगतात की एकूण देशात चिमणीची संख्या बरीचशी स्थिर आहे, घट आहे ती मोठ्या शहरांत. म्हणजे रत्नागिरीसारख्या गावात हे खाते अद्याप चालू आहे. शटरच्या पेटीत किंवा दुकानाच्या पाटीमागे घरटे असल्यास पाटीची रंगरंगोटी महिनाभर पुढे ढकलावी. चिमणी धान्य खाते हे खरे असले तरी पिल्लांना ती किडे व अळ्या भरवते. तेव्हा दुकानासमोर एखादे झुडूपही हवे.

सडा, खाडी आणि किनारा

शहराबाहेर पडताच कातळाचे सडे लागतात. वैशाखातील सडा पाहणाऱ्यास ओसाड वाटतो. गवत वाळलेले, कातळ तापलेला, दूरवर सावली नाही. या उघड्या जमिनीवरच टिटवी अंडी घालते. घरटे असे नसतेच. खडे बाजूस सारून केलेला एक उथळ खळगा आणि त्यात बहुधा चार अंडी, टोके आत वळवलेली. अंड्यांचा रंग जांभ्या दगडाशी व मातीशी इतका मिळतो की दोन पावलांवरूनही ती दिसत नाहीत. अंडी सुमारे चार आठवडे उबवावी लागतात. ‘उबवणे’ हा शब्द येथे अपुरा आहे. वैशाखात अंड्यांना उबेइतकीच गारव्याची गरज असते. म्हणून टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी झाकते. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस अधिक पडतो, असा समज खेडोपाडी आहे. तो खरा असो वा नसो, त्यामुळे कित्येक पिढ्या टिटवीच्या अंड्यांकडे लक्ष ठेवून होत्या, हे त्या समजाचे श्रेय मानावे लागेल.

याच सड्यांवर शेंडीवाला चंडोल आणि रातवाही जमिनीवर अंडी घालतात. त्यांच्यापुढे दोन संकटे असतात. पहिले वणव्याचे. वाळल्या गवतास लागलेली आग, मग ती विडीच्या थोटकाने लागो वा मुद्दाम लावलेली असो, एका दुपारी मैलभर सडा काळा करते. दुसरे चिऱ्याच्या खाणीचे. पाऊस लागला की खाणीचे काम थांबते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत ते जोरात असते. बांधकामाच्या व्यवसायात असलेल्या कुटुंबांनी सडा म्हणजे पडीक जमीन ही समजूत तपासून पाहावी. रत्नागिरीच्या सड्यांवरील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेली. त्या शिल्पांत प्राणी आणि जलचर आहेत, तसेच पक्षीही आहेत. सड्यावर पक्षी पाहणारा माणूस ही रत्नागिरीतील नवी गोष्ट नव्हे.

भाट्याच्या खाडीवर वैशाखात जमेपेक्षा खर्चाची बाजू मोठी असते. हिवाळाभर भाट्ये आणि मांडवीच्या किनाऱ्यांवर थव्याने बसणारे कुरव एव्हाना लडाख, मध्य आशिया आणि त्याहून उत्तरेकडील प्रदेशांत परतलेले असतात. वीजतारांवर जमणाऱ्या माळभिंगऱ्या आणि ओढ्याकाठी शेपटी हलवणारे परीटही निघून गेलेले असतात. एप्रिलमध्ये वाळूवर धावणारा चिखल्या नीट पाहिला तर त्याच्या छातीवर विटकरी रंग चढलेला दिसतो. हा परतीच्या प्रवासाचा व विणीचा पोशाख आहे. गायबगळ्याने मात्र गाव न सोडताच पोशाख बदललेला असतो. हिवाळ्यात शुभ्र दिसणाऱ्या या बगळ्याचे डोके, मान आणि पाठ वैशाखात केशरी होते. तो निराळ्या जातीचा पक्षी असावा असा अनेकांचा समज होतो.

मिरकरवाडा बंदरावर तपकिरी अंगाची व पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार घिरट्या घालत असते. महाराष्ट्रात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यामुळे मेअखेरीस बंदर शांत होते आणि घारींची तेथील गर्दीही विरळ होते. बंदी माणसांच्या नौकांना असली तरी बंदराचा दिनक्रम बदलला की पाखरांचाही बदलतो. कोणत्या तारखेपासून किती घारी कमी झाल्या, एवढी एक ओळ वर्षानुवर्षे लिहिली गेली तरी ती मोलाची ठरेल.

पोकळ झाडाची किंमत

रत्नागिरी जिल्ह्याच्या पूर्वेकडे, देवरुख, संगमेश्वर, चिपळूण या बाजूस, वैशाखातील सर्वांत विलक्षण संसार ककणेराचा असतो. धनेश या नावानेही ओळखला जाणारा हा मोठ्या चोचीचा काळा-पांढरा पक्षी जुन्या, जाड खोडाच्या झाडातील ढोली शोधतो. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, चिखल व फळांचा गर यांनी दार लिंपून घेते. चोच बाहेर काढता येईल एवढीच फट ठेवते. आत असताना तिच्या पंखांची पिसे गळून नवी येतात. तितके दिवस तिला उडता येत नाही. अनेक आठवडे नर एकटा वड, पिंपळ, उंबर यांची फळे आणून त्या फटीतून मादीस आणि पुढे पिल्लांनाही भरवतो. त्या नरास काही झाले, किंवा ते झाड पडले, तर आतील संपूर्ण कुटुंब संपते.

सातवीण, बेहडा आणि रायवळ आंबा ही ककणेराची घरे. हापूसची कलमे आटोपशीर आणि निगराणीतील असतात. त्यांत ढोली तयार होण्याइतके वय व जाडी क्वचित येते. जुना रायवळ उत्पन्नाच्या दृष्टीने नावापुरता उरतो. मग कोणीतरी लाकडाचा भाव सांगतो आणि शंभर वर्षांचे झाड काही हजार रुपयांना जाते. येथे हिशेब अपुरा मांडला जातो. ढोली तयार होण्यास लागलेली शंभर वर्षे त्या भावात कोठेच धरलेली नसतात. बागेत नवीन कलम पाच-सात वर्षांत धरते, परंतु ढोली असलेले झाड कोणत्याही रोपवाटिकेत विकत मिळत नाही. कोकणातील बहुतांश झाडी खासगी मालकीची आहे. त्यामुळे ककणेराचे भवितव्य वनखात्याइतकेच जमीनमालकांच्या हाती आहे. गावाकडे ज्यांच्या बागा, वरकस जमिनी वा जुनी घरे आहेत अशा वाचकांनी एकदा तरी आपल्या जुन्या झाडांची यादी करावी आणि कोणत्या झाडास ढोली आहे ते लिहून ठेवावे.

एका नोंदीतून दुसरे खाते

रोजच्या साध्या नोंदीतून काय निघू शकते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचा अभ्यास करत होती. किनाऱ्यावरील उंच झाडांवर काटक्यांचे प्रचंड घरटे बांधणारा हा गरुड मासे व समुद्रसर्प यांवर जगतो. २००२ साली मंडणगड तालुक्यातील वेळास येथे गरुडाच्या याच कामासाठी किनारा फिरत असताना कार्यकर्त्यांना ऑलिव्ह रिडले कासवांची वीण होत असल्याच्या खुणा आढळल्या. कासवांची अंडी उकरून नेली जात होती. संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरट्यांना कुंपण घातले, पिल्ले समुद्रात सोडली आणि पुढे वेळासचा कासव महोत्सव उभा राहिला. त्यातून गावातील घरांना पाहुणचाराचा रोजगारही मिळाला. गरुडाची नोंद ठेवण्यास निघालेल्यांनी कासवाचे खाते उघडले. किनाऱ्यावर डोळे उघडे ठेवून चालणारे कोणी नसते तर हे घडले नसते.

कोकणच्याच किनाऱ्यावरील त्याहून जुने उदाहरण डॉ. सालीम अली यांचे आहे. १९३० साली परदेशातून शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांच्या हाती नोकरी राहिली नव्हती. ते अलिबागजवळच्या किहीम येथे राहण्यास गेले आणि घराजवळच सुगरणींची वसाहत दिसली, तिचे निरीक्षण करू लागले. नर अनेक घरटी अर्धवट विणतो, मादी येऊन पारख करते, पसंत पडले तरच घरटे पूर्ण होते. त्या पावसाळ्यात बारकाईने टिपलेल्या अशा नोंदींवरील लेखाने त्यांचे नाव अभ्यासकांत प्रतिष्ठित झाले. पुढे १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक आले. ज्या पाखरास शेतकरी रोज पाहत होता, त्याच्याकडे त्यांनी रोज आणि नीट पाहिले.

आज अशा लहान नोंदींची बेरीज होऊ शकते. २००२ पासून चालू असलेल्या ‘ई-बर्ड’ या व्यासपीठावर जगभरातील सामान्य निरीक्षक आपल्या याद्या जमा करतात. मे महिन्याच्या पूर्वार्धातील एका शनिवारी जगभर एकाच दिवशी पक्षिगणना होते. ही प्रथा २०१५ पासून चालू आहे. भारतातील अशा नोंदींवरून २०२० आणि २०२३ साली देशातील पक्ष्यांच्या स्थितीचे अहवाल तयार झाले. २०२३ च्या अहवालामागे तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी आहेत. तो अहवाल म्हणजे या रोजकीर्दीचा ताळेबंदच होय. त्यात ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला. दीर्घकालीन कल सांगता येईल एवढी माहिती ३३८ जातींविषयी मिळाली आणि त्यांपैकी ६० टक्के जाती घटत असल्याचे दिसून आले. मोर, कोकीळ आणि पारवा यांची संख्या वाढत आहे. उलट, एके काळी माळावरील तारांवर सहज दिसणारा नीलपंख, ज्यास चास म्हणतात, तो वेगाने कमी होत आहे. सहज दिसणारा पक्षी कमी झाल्याचे ध्यानात यावयास तो पूर्वी किती दिसत होता याचा लेखी पुरावा लागतो. ‘आमच्या लहानपणी पुष्कळ असत’ या वाक्यास पावती नसते.

दाणा, पाणी आणि जीवदया

पाखरांविषयीची करुणा जैन कुटुंबांना वारशानेच लाभली आहे. दिल्लीच्या चांदणी चौकातील लाल मंदिराच्या आवारात जखमी पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय अनेक दशकांपासून चालू आहे. घरोघरी पाखरांसाठी दाणा आणि पाणी ठेवण्याची रीत आहे. ही करुणा अधिक पक्ष्यांपर्यंत कशी पोहोचेल, याचा विचार मात्र व्हावयास हवा. दाणा टाकला तर तो पारवा, होला आणि चिमणी टिपतात. शिंजिरास फूल लागते, दयाळास किडा लागतो, तांबटास उंबर आणि वाळकी फांदी लागते, ककणेरास ढोली लागते, टिटवीस मोकळा सडा लागतो. यांपैकी काहीही मुठीने टाकता येत नाही. ते केवळ राखून ठेवता येते.

पाणी मात्र सर्वांनाच लागते. वैशाखात मातीचे उथळ परळ सावलीत, मांजराची झेप पोहोचणार नाही अशा जागी ठेवावे. पाणी दोन बोटांहून खोल नसावे आणि लहान पाखरांना बसण्यासाठी मधोमध एक दगड असावा. परळ रोज घासून पाणी बदलावे. तसे न केल्यास त्यात डासांच्या अळ्या होतात व रोगही पसरतो.

आणखी एक प्रश्न भाबड्या दयेचा आहे. पिंजऱ्यातील मुनिया वा पोपट विकत घेऊन सोडून देणे हे पुण्यकर्म समजले जाते. हा व्यवहार व्यापाऱ्याच्या दृष्टीने तपासावा. विकत घेणाऱ्याने मोल दिले की पकडणाऱ्यास मागणी असल्याचे कळते आणि तो पुढच्या आठवड्यात दुप्पट जाळी लावतो. सुटलेल्या एका पाखरामागे पकडताना व आणताना मेलेली पाखरे हिशेबात येत नाहीत. देशी पक्षी पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. असा विक्रेता दिसल्यास वनखात्यास कळवणे हीच खरी सोडवणूक होय. घरट्याबाहेर पडलेल्या, पिसे फुटलेल्या पिल्लाविषयीही हाच विवेक हवा. बहुधा त्याचे आईबाप जवळच असतात व त्यास भरवत असतात. कुत्र्या-मांजरापासून दूर, जवळच्या झुडपात ठेवून माणसाने बाजूस व्हावे.

वहीचा उपयोग

नोंदीसाठी एक साधी वही पुरे. तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या आणि तो काय करत होता, असे सहा रकाने आखावेत. पहाटे सहा ते साडेसहा हा अर्धा तास उत्तम. ओळखू आलेला प्रत्येक पक्षी लिहावा. कावळा आणि पारवा किरकोळ म्हणून वगळू नयेत. किरकोळ रकमा वगळलेली कीर्द कोणताही हिशेबनीस मान्य करणार नाही. ज्या दिवशी नेहमीचा पक्षी दिसला नाही, त्या दिवशी शून्य लिहावे. पुढे तेच सर्वांत महत्त्वाचे ठरते. घरट्याजवळ जाऊ नये, जवळून छायाचित्र काढू नये आणि मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्यास बोलावू नये. विणीच्या दिवसांत तो आवाज त्यास शत्रूचा वाटतो आणि अंडी सोडून तो भांडावयास धावतो. सुट्टीत आलेल्या नातवंडांच्या हाती ही वही दिली तर आजी-आजोबांच्या आठवणीतील पाखरांची नावेही तिच्यात उतरतील.

या वहीचा पहिला उपयोग घरच्याच अंगणात होतो. फांद्या उतरवण्यासाठी माणूस येईल त्यापूर्वी गेल्या पंधरा दिवसांची पाने उलटावीत. ज्या झाडावर काडी वा चारा नेणारा पक्षी वारंवार लिहिलेला आहे, त्या झाडास हात लावू नये. फांदी खरोखरच धोक्याची असेल तर तेवढीच काढावी. पुढील वर्षापासून छाटणीचे काम आगोटीतून काढून दिवाळी ते संक्रांत या काळात न्यावे. त्या दिवसांत अंगणातील बहुतेक पक्ष्यांची घरटी रिकामी असतात. कौले परतण्याचे कामही घरट्याची वळचण शेवटी ठेवून करता येते. यासाठी दमडीही लागत नाही, फक्त कामांच्या तारखा बदलाव्या लागतात.

मेअखेरीस आणि जूनच्या आरंभी वहीत नवी नावे येऊ लागतील. पावसाच्या पुढे धावणारा शेंडीवाला चातक समुद्रापलीकडच्या आफ्रिकेतून आलेला असतो. रायवळीच्या सावलीत पाचोळा उलटणारा नवरंग दोन सुरांची शीळ घालतो. चिपळूणकडील ओढ्यांच्या काठी तिबोटी खंड्या मातीच्या दरडीत बीळ कोरतो. पहिली सर ज्या दिवशी पडेल, त्या दिवशी वैशाखाच्या पानांखाली रेघ मारून उडालेल्या पिल्लांची बेरीज करावी. दोरीवरील शिंजिराची दोन, भिंतीतील दयाळाची तीन, पाटीमागील चिमणीची चार, जी असतील ती. आगोटीत जपलेल्या शिलकीचा तो आकडा असेल.